काकांवर गेलेला

४ फेब्रुवारी

सरकार,

आईनं आशीर्वाद सांगितलेत, ते आधी घे. बातम्या माझ्याकडच्या.

काल तुला भेटायला आले होते. फाटकावरच्या शिपायानं नाव विचारलं, नातं विचारलं, पिशवी उचकून बघितली, आत जाऊन आला आणि म्हणाला, "त्यांना कुणाला भेटायचं नाही." मी म्हटलं, मी कुणी नाही हो, मी बहीण आहे. तर म्हणाला, "बहिणीलाही नाही, असं त्यांनी वेगळं सांगितलंय." तू एवढ्या आठवणीनं माझा वेगळा उल्लेख केलास, त्याबद्दल आभारी आहे. मी शांतपणे परत फिरले. फाटकाची कडी वाकली म्हणून तो मागून ओरडत होता, पण कडी जुनीच होती.

म्हणून हे पत्र. निरीक्षण कक्षातली पत्रं आधी तिथल्या नर्सबाई वाचतात आणि महत्त्वाचं काही असलं तर ते डॉक्टरांच्या आणि कोर्टाच्या फायलीत जातं, हेही त्या शिपायानंच सांगितलं. तेव्हा नर्सबाई, तुम्हालाही नमस्कार. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

तुमचा फोरमन दवाखान्यातून घरी आला. जबडा तारेनं बांधलाय, नळीनं पातळ पितो. डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि यापुढे येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी जाऊन आले. त्याच्या बायकोनं दार उघडलं. बसा म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही. मी जिन्यातच उभी राहून माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही कशाला मागता? तुम्ही मारलं का?" मी खाली उतरले.

तुमच्या वर्कशॉपमध्येही गेले होते, तुझा डबा आणि स्वेटर आणायला. तिथं सगळे एकच सांगतात. शीतगृहाचं मशीन कामातून गेलं असं तू छातीठोकपणे म्हणालास. फोरमननं झाकण उघडलं, सुटलेली तार जोडली, मशीन सुरू झालं. तो सगळ्यांसमोर हसला. तुझ्या हातात पाना होता. एवढंच. शोधून शोधून यापेक्षा मोठं कारण मला सापडलं नाही.

आणि तू पोलिसांना जबानीत सांगितलंस म्हणे, "माझ्या रक्तातच आहे, मी काकांवर गेलोय." पोलीस आईला विचारत होता, कोण काका, कुठं राहतात, त्यांनाही बोलवा. आई म्हणाली, त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली. तर त्यानं तेही लिहून घेतलं.

तुझी बायको आणि चिमणी आमच्याकडेच आहेत. चिमणीला सांगितलंय की बाबा लांबच्या गावी फ्रिज दुरुस्त करायला गेलाय. ती म्हणाली, फार मोठा फ्रिज असेल.

भेट नाकारलीस, पत्र नाकारू नकोस.

ताई


१५ फेब्रुवारी

सरकार,

तुझ्या डॉक्टरांनी आज मला बोलावलं होतं. मी घाबरून गेले होते, पण माणूस बरा वाटला. बिस्किट चहात बुडवतात, ते तुटून आत पडतं, मग चमच्यानं शोधतात. माझ्यासमोर दोनदा झालं. इतका शिकलेला माणूस, पण त्यातून काही शिकत नाही.

त्यांनी एक मोठा कागद काढला आणि आपलं अख्खं घराणं मांडलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. बाबांचा चौकोन, शेजारी त्यांच्या धाकट्या भावाचा, खाली आपण दोघं. काकांना काय होत होतं विचारलं. मी सांगितलं: आधी नुसता शीघ्रकोपी माणूस होता. हसतमुख, देखणा, सगळ्यांचा लाडका, फक्त राग नाकावर. मग हळूहळू वाढत गेलं. भिंतीतून आवाज यायला लागले, शेजाऱ्याचा हात मोडला, वेड्यांच्या इस्पितळात नेलं आणि तिथून परत आलेच नाहीत. डॉक्टरांनी काकांचा चौकोन पेन्सिलीनं काळा केला. तुझा अर्धा काळा केला. माझा गोल कोराच ठेवला. "तुम्हाला कधी काही त्रास?" म्हणाले. मी म्हटलं, छे, मी शांत आहे, कुणालाही विचारा.

मग म्हणाले, "तुमच्या भावाला राग आला की घरात काय करायचे?" मी म्हटलं, राग येऊच द्यायचे नाहीत. ते नीट सांगा म्हणाले. मग मला सगळं सांगावं लागलं. काकांचा राग भुकेच्या वेळी उफाळायचा, म्हणून तुझं ताट नेहमी आधी. पाहुणे असोत, बाबा थकून आलेले असोत, आधी तुझं. त्यावरूनच मी तुला सरकार म्हणायला लागले, हे तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे. कात्र्या-सुऱ्या तुझ्या हाताला लागू नयेत म्हणून वरच्या फळीवर. आणि पत्ते. आपण किती पत्ते खेळलो, आणि तू एकदाही हरला नाहीस. तुला वाटायचं तुझा हात चांगला आहे. अरे, बाबा हुकूम हातात ठेवून बदाम टाकायचे. आई मला टेबलाखालून पाय मारायची. जिंकत आलेला डाव सफाईनं घालवायचा कसा, हे माझ्याइतकं कुणाला येत नसेल.

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "म्हणजे ते घरात कधीच हरले नाहीत?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

"मी नेहमी."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, तुझ्या मेंदूचा फोटो काढलाय, कपाळामागच्या भागात थोडं उणंअधिक दिसतं, पण तेवढं तर रस्त्यानं जाणाऱ्या कितीतरी लोकांच्यात दिसेल आणि ते लोक भाजी घेऊन घरी जातात. मी सरळच विचारलं, मग हे रक्तातून येतं की वळणातून? तर म्हणाले, "तुम्ही कुत्र्यांमध्ये काम करता ना? तुमचा अनुभव काय?"

आता माझा अनुभव काय असणार. आमच्या श्वानगृहात नवा कुत्रा आला की त्याची परीक्षा होते. त्याला खायला द्यायचं आणि तो खात असताना लांब काठीला बांधलेला रबरी हात त्याच्या ताटलीत घालायचा. चावला तर गळ्यात लाल पट्टा, नाही चावला तर हिरवा. लाल पट्टा लागला की आम्ही सगळे त्याच्याजवळ जाडे हातमोजे घालून, तिरके तिरके जातो, आणि असं कुणी आपल्याकडे आलं तर मीसुद्धा चावेन. हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते खूश झाले, म्हणाले, म्हणजे वळण. मी म्हटलं, थांबा, एक तपकिरी कुत्रा आहे, त्याला मी पिल्लाचा मोठा केला, मांडीवर घेऊन वाढवला, कुणी कधी मारलं नाही, तरी तो चावतो. कुणालाही, मलासुद्धा. मग त्यांनी पुन्हा बिस्किट बुडवलं.

जाताना म्हणाले, काकांच्या आजाराची खूण रक्तात सापडते का, यावर त्यांच्या ओळखीचे लोक काम करतात. तुझं रक्त घेतलंय. ताडून बघायला सख्ख्या नात्यातलं आणखी एक हवं. मी हो म्हणाले. हात पुढे करायचा, त्यात काय.

ताई


२६ फेब्रुवारी

सरकार,

वकीलबाई आल्या होत्या. तू त्यांच्याजवळ दिलेली चिठ्ठी पोचली. मला लिहिलेली पहिली ओळ आणि ती ही: "मला इथंच कायमचं ठेवा, काकांसारखं, आणि चिमणीला माझ्याजवळ आणू नका."

मी वाचली, घडी केली, उशीखाली ठेवली आणि कामावर गेले. मी काही बोलले नाही. कुत्र्यांच्या ताटल्यांचा ढीग पडून खूप आवाज झाला असं तिथले लोक म्हणतात. ओल्या ताटल्या निसटतातच.

वकीलबाईंनी सगळं समजावून सांगितलं, मी तुला सांगते, कारण तू त्यांचं अर्धंच ऐकतोस असं त्या म्हणाल्या. दोन वाटा आहेत. पहिली: गुन्हा कबूल. मग तुरुंग, काही वर्षांचा, पण ती वर्षं ठरलेली, शेवटच्या दिवशी दार उघडतं. दुसरी: आजारातून घडलं, आजार घराण्यातून आलेला. मग तुरुंग नाही, इस्पितळ. तिथं मारहाण नाही, बिछाना चांगला, औषधं वेळेवर. पण तारीख नाही. बरा झाला असं डॉक्टर म्हणेपर्यंत. आणि रक्तातलं दुखणं बरं झालं असं कोण कधी म्हणणार? वकीलबाई दुसऱ्या वाटेच्या बाजूनं आहेत. काकांचे जुने कागद त्यांना इस्पितळातून मिळालेत, त्यामुळे अर्ज भक्कम झाला म्हणतात. पुढच्या महिन्याच्या अखेरीस सुनावणी.

तुला दुसरी वाट हवी आहे, हे कळलं. तुला ती शिक्षा कमी व्हावी म्हणून नकोय, तुला स्वतःला कुलपात घालून ठेवायचंय. माझ्यापासून, चिमणीपासून. आम्ही विचारलं नाही, तरी तू आम्हाला तुझ्यापासून वाचवतोयस.

चिमणीनं परवा शाळेत एका पोराला चावलं. हाताला, चांगले दात उमटले. शिक्षिकेनं बोलावलं, तुझी बायको गेली, त्या पोरानं हिची रंगाची पेटी घेतली होती, इतकंच प्रकरण. चार वर्षांची पोरं चावतात. पण ती घरी येऊन सांगत होती तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आलंच शेवटी. खाण तशी माती." तुझ्या बायकोचा चेहरा पांढरा पडला. तिनं चिमणीला उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून ती आईशी बोलत नाही. आता चिमणीचं ताट आधी वाढायला लागतील, असं मला दिसतंय.

उद्या रक्त द्यायला जाणार आहे. खूण सापडली तर सापडली. निदान कळेल तरी.

ताई


६ मार्च

सरकार,

रक्त दिलं नाही.

आईनं देऊ दिलं नाही. मी चपला घालत होते, तर येऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "तू रक्त द्यायचं नाहीस." मला वाटलं, सुईला घाबरतेय माझ्यासाठी, म्हातारपण. मी हसले. ती हसली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली, बाजूला होईना. मी म्हटलं, अगं, त्याच्या खटल्याचा प्रश्न आहे. तर म्हणाली, "म्हणूनच."

मग ती मला जे बोलली ते या पत्रात लिहिता येत नाही. कारण पत्र तू एकटा वाचत नाहीस. नर्सबाई, तुमच्यावर राग नाही, तुमचं काम आहे.

डॉक्टरांना निरोप पाठवला की मला सर्दी झाली आहे.

चिमणी बरी आहे. आता कुणाला चावत नाही. ज्याला चावली त्याच्याशीच तिची गट्टी जमलीय.

ताई


१० मार्च

सरकार,

चार दिवस विचार केला. काल वकीलबाईंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजा, सुनावणी होऊन जाऊ दे, मग भावाला काय सांगायचं ते सांगा. त्यांचं बरोबर आहे. हे पत्र फायलीत गेलं तर त्यांचा अर्ज पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळेल. पण सुनावणीनंतर सांगितलं तर तुझ्या हातात ठरवायला काय उरेल? आतापर्यंत तुझ्या वाटचं सगळं आम्हीच ठरवलं. म्हणून आता लिहिते. बसून वाच.

तू आईच्या पोटचा नाहीस.

थांब, पुढचं वाच. माझ्यानंतर आईला दोनदा मूल होऊन गेलं, आणि मग डॉक्टरांनी आता नको म्हणून सांगितलं. बाबांची बदली लांबच्या गावी झाली होती. मला आत्याकडे ठेवलं होतं, मी चार वर्षांची होते. तिथल्या एका संस्थेतून त्यांनी तुला आणलं. तीन महिन्यांचा होतास. तुझी आई कोण, बाप कोण, त्यांना राग यायचा की नाही, कुणालाच ठाऊक नाही, आणि आता कळायचा मार्गही नाही. मला परत आणलं तेव्हा सांगितलं, "बाळ आणलंय." मी आयुष्यभर समजत राहिले की दवाखान्यातून आणलं. बघ, माझ्याशी कुणी खोटं बोललंसुद्धा नाही.

लोकांना मात्र आईचंच मूल म्हणून सांगितलं होतं. आता यातली खरी गोष्ट ऐक, जी आईनं दाराची चौकट सोडून, जमिनीवर बसून सांगितली. तू दोन वर्षांचा होतास. आत्या आली होती. ती तुला निरखून बघायची आणि म्हणायची, "नाक कुणाचं म्हणायचं हे? आपल्यात असं नाक नाही." रोज म्हणायची. कपाळ कुणाचं, कान कुणाचे. आई तुला उचलून आत न्यायची. एक दिवस जेवताना तू भरलेली वाटी भिंतीवर फेकलीस. आणि बाबा मोठ्यानं ओरडले, आनंदानं, "बघितलंस? अगदी धाकट्यावर गेलाय!" आत्या हसली. म्हणाली, खरंच की गं, तोच तोरा! आणि तिनं तुला उचलून मांडीवर घेतलं. त्या दिवसापासून नाकाची चौकशी कुणी केली नाही.

तेव्हा काका नुसते रागीट होते, आजारी नव्हते. घराण्याचा लाडका मुलगा होता तो. त्याच्यावर गेलाय म्हणणं म्हणजे तुला घराण्यात घेणं होतं. त्यांच्यापाशी तुला द्यायला तेवढंच होतं, ते त्यांनी दिलं. मग तू आदळआपट केलीस की ते लोकांसमोर कौतुकानं बोलायचे, काकांवर गेलाय, काकांवर गेलाय. आई म्हणाली, "शांत बसला तर मला भीती वाटायची, कुणी विचारेल म्हणून. चिडला की जीवात जीव यायचा."

आणि मग काकांचं वाढत गेलं. शेजाऱ्याचा हात मोडला, त्यांना नेलं. आता ते बोलणं मागं घ्यायची सोय राहिली नाही. मागं घ्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी आईला म्हटलं, पण तुम्हाला तर माहीत होतं ना, की त्याच्यात काकांचं काही असूच शकत नाही? मग ताट आधी का वाढत होतीस? मला टेबलाखालून पाय का मारत होतीस? चिमणीला परवा खाण तशी माती कशी म्हणालीस? तर आई म्हणाली, "बोलून बोलून आम्हालाच खरं वाटायला लागलं गं. मला कित्येक वर्षं आठवतसुद्धा नव्हतं."

मला हे आधी कळेना. दोन माणसं स्वतःच रचलेल्या गोष्टीला घाबरून वीस वर्षं कात्र्या वरच्या फळीवर ठेवतात. पण मग वाटलं, तू तर त्यात जन्म काढलास. घरातले सगळे ज्याच्याकडे बघून सुऱ्या उचलून ठेवतात, त्या मुलानं स्वतःबद्दल दुसरं काय समजायचं?

डॉक्टरांकडेही काल गेले होते. त्यांना सांगितलं नाही, तू वाचायच्या आधी नाही, पण नुसतं विचारलं: समजा एखाद्याच्या रक्तात काही नसेल, नुसतं घरानं त्याला सांगितलं असेल, तर त्यानं केलेल्याचा दोष कुणाचा? ते म्हणाले, "घरानं सांगितलेलं हे कारण असू शकतं. कारण आणि माफी एक नव्हे." यावेळी त्यांच्यासमोर बिस्किटं नव्हती, त्यामुळे बोलणं नीट झालं.

सरकार, माझ्या मनात जे आहे ते लिहिते. हे वाचून तुला हलकं वाटेल असं मला आधी वाटलं होतं. काकांचं भूत उतरलं, चिमणीला तुझ्यापासून काही लागणार नाही, तू तिला मांडीवर घेऊ शकतोस. हे खरंच आहे आणि ते मला तुला ओरडून सांगावंसं वाटतंय. पण दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून मी तुला पुन्हा एकदा मुद्दाम डाव सोडणार नाही. काका नसतील तर तो पाना कुणी उचलला? तो फोरमन आहे, एका कानानं ऐकतो, सूप पितो. त्याच्या बायकोनं मला जिन्यात जे विचारलं त्याचं उत्तर आता फक्त तुझ्याकडे आहे.

तू माझा भाऊ आहेस की नाही, यावर मी एक ओळसुद्धा खर्च करणार नाही. तुझं ताट माझ्याआधी वाढलं गेलं आणि मी ते चालवून घेतलं, यापेक्षा सख्खं काय असतं.

डॉक्टरांचा तो कागद आठवला. काकांच्या काळ्या चौकोनापासून खाली खरी रेघ येते ती माझ्या गोलाला. माझं काही नाही, मी शांत आहे.

नर्सबाई, हे पत्र वाचून फायलीत लावायचं असेल तर लावा. फक्त आधी त्याला वाचू द्या.

ताई


१७ मार्च

ताई,

नर्सबाईंनी पत्र माझ्या हातात दिलं आणि दार लावून बाहेर उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत आत आल्या नाहीत. पत्र फायलीत लावलेलं नाही. ते मी स्वतः डॉक्टरांकडे नेलं.

मला लिहायला जमत नाही, तुला माहीत आहे. जे आहे ते लिहितो.

तार जोडल्यावर फोरमन हसला. मग तो वळला, हात पुसायला. तेव्हा एक क्षण होता. माझ्या हातात पाना होता आणि तो खाली ठेवायला टेबल शेजारीच होतं. मी टेबलाकडे बघितलं. मला ते दिसलं. ताई, मी थांबू शकत होतो. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, डॉक्टरांना नाही, बायकोला नाही. माझ्या मनात तेव्हा आलं की आता काका येणार. लहानपणापासून मला असंच वाटायचं, राग आला की आता काका येणार, आणि मी बाजूला व्हायचो. त्या दिवशीही मी बाजूला झालो. पण आलं कुणीच नाही. मीच होतो.

वकीलबाईंना अर्ज मागं घ्यायला सांगितलं. त्या खूप चिडल्या. मी कबूल करणार आहे. किती वर्षं ते कोर्ट ठरवेल. फोरमनला मी कोर्टातच सांगेन, त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून.

आईला सांग मी रागावलो नाही. म्हणजे रागावलोय, पण ते मी करतोय, कुणी माझ्याकडून करवत नाही, असं आता वाटतं. हे नवीन आहे. दोन दिवस मी नुसता बसून हे बघत होतो.

चिमणीला आण, मी बरा दिसायला लागलो की.

तू लिहिलंस माझं काही नाही, मी शांत आहे. तुझं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या रागाची घरात इतकी काळजी घेतली की तुझ्याकडे कुणी बघितलंच नाही. ताई, तुला राग येतो का गं?


२० मार्च

सरकार,

येतो.

तुझा प्रश्न वाचून मी इतका वेळ बसून राहिले की आईला वाटलं वाईट बातमी आहे. मला राग येतो. हे मी कुणाला पहिल्यांदा सांगतेय, कारण कुणी पहिल्यांदा विचारतंय. सकाळी उठल्यापासून येतो. कधी कधी डोळ्यांपुढे पांढरं होतं आणि हाताला काय लागलं ते कळत नाही. घरात रागाची जागा तुझ्या नावावर होती, म्हणून मी तो राग कुठंतरी कोंबून ठेवला आणि मला शांत म्हणायचे, मीही म्हणायची. हे काकांचं आहे की माझंच, ते मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारणार आहे. माझ्याबद्दल. रक्तही देणार आहे, माझ्यासाठी.

मला आईचा राग येतो. बाबांचा येतो, ते गेले तरी येतो. आणि तुझा तर इतका येतो की तो मी एकदाही तुला दाखवला नाही याचंच मला नवल वाटतं. तू एका माणसाचं तोंड फोडलंस, मग स्वतःला कोंडून घेतलंस आणि मला फाटकावरून परत पाठवलंस.

रविवारी भेटीची वेळ आहे. शिपायाला माझं नाव सांगून ठेव. आल्यावर मी तुझ्यावर रागावणार आहे, मोठ्या आवाजात, बहुतेक बराच वेळ. तू उठून जायचं नाहीस. समोर बसायचं आणि ऐकून घ्यायचं.

ताई